मुंबईहून आलेला अ‍ॅम्प

हे मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही. रेखाला, माझ्या बायकोला, ते ठाऊक आहे. पण मी सांगितलं म्हणून नव्हे, ते घडलं तेव्हा ती चहाचा ट्रे घेऊन स्वयंपाकघराच्या दारात उभी होती म्हणून. तिनंही पुन्हा कधी विषय काढला नाही. काढला असता तर बरं झालं असतं का? काय माहीत. मी नेहमीसारखं हसण्यावारी नेलं असतं, दुसरं काय!

माझ्या फजित्या मी स्वतःच गावभर सांगत फिरतो. शाळेत साहेब तपासणीला आले त्या दिवशी उलटा स्वेटर घालून गेलो होतो ते. सासुरवाडीच्या बैलगाडीतून मागच्या मागे पडलो, नि गाडी मजेत पुढं निघून गेली ते. लोक हसतात, मलाही बरं वाटतं. पण इतकं सगळं सांगणाऱ्या माणसाकडं एक न सांगितलेलं असतंच. कधी कधी वाटतं, बाकीचं तो तेवढ्यासाठीच सांगत असतो — ते एक झाकलं जावं म्हणून.

तर — मी एका माणसाचं नाव खाल्लं. एवढंच आहे. पण एवढंच सांगून थांबलो तर तुम्हाला ते फार लहान वाटेल, म्हणून सगळं सांगतो.

मी बेल्याचा. आदिलाबाद जिल्ह्याचं अगदी वरचं टोक. जिल्हा तेव्हा आंध्रात, नि आमच्या वावरातून दगड भिरकावला तर तो महाराष्ट्रात पडायचा. मी इचोड्याला मास्तर होतो. ऐंशीचं दशक संपत आलेलं, नवीन लग्न, दोन खोल्या भाड्याच्या. आणि रविवारी आदिलाबादच्या एका ऑर्केस्ट्रात मी गिटार घेऊन उभा राहायचो. वाजवायचो असं म्हणणं जरा धाडसाचं होईल. आमच्या बेसवाल्याची दूर कुठंतरी बदली झाली, तेव्हा त्याची बेस गिटार माझ्या गळ्यात पडली. मीही खूश! सहा तारा जमत नव्हत्या, इथं चारच होत्या.

बेस म्हणजे गाण्याच्या तळाशी घुमत राहणारा तो जाड सूर. तो असतो तेव्हा कुणाला ऐकू येत नाही, नसला की सगळ्यांना काहीतरी हरवल्यासारखं वाटतं. अडचण अशी की ही गिटार भरीव लाकडाची. अ‍ॅम्प्लिफायरशिवाय घरी वाजवली तर आगपेटीत कोंडलेल्या भुंग्यासारखा आवाज. घरी सराव करायचा तर घरापुरता एक अ‍ॅम्प हवा. कुठला घ्यावा? विचारायचं कुणाला? ज्यांना विचारलं त्यांनी सगळ्यांनी एकच सांगितलं — मोठा घ्या.

पहिल्यांदा मी सासऱ्यांनी लग्नात दिलेल्या टेपरेकॉर्डरला गिटार जोडली. तिसऱ्या दिवशी त्याच्या स्पीकरचा कागद टर्रकन फाटला. रेखाला सांगितलं, व्होल्टेज वाढलं. इचोड्यात! जिथं दिवा लागलाय की नाही ते बघायला काडी ओढावी लागायची, तिथं व्होल्टेज वाढलं! — नाही, कबुली द्यायची आहे ती याची नव्हे. हे तिनं त्याच दिवशी ओळखलं होतं, आणि वर्षभर घरातलं काहीही बिघडलं, अगदी वरणाला फोडणी जळली तरी, ती म्हणायची, "व्होल्टेज वाढलं हो."

मग मंडपवाल्याकडून भोंगा आणला. भोंगा हा माणसाच्या ओरडण्यासाठी केलेला. त्यातून खालचा सूर निघतच नाही. मी आत डोळे मिटून, तल्लीन होऊन वाजवतोय, आणि बाहेर नुसतं टक्-टक्, टक्-टक्. आमच्या मालकीणबाई तेलुगू. मला मास्टरगारू म्हणायच्या, बाकी सगळं हिंदीतून. दाराशी येऊन काळजीनं विचारतात, "मास्टरगारू, अंदर क्या तोडते?"

तिसऱ्यांदा स्टेजवरचं एक जुनं धूड बैलगाडीतून आणलं. ते दारातून आत जाईना. अंगणातच ठेवून एक तार छेडली, तर मालकीणबाईंच्या कोंबड्या पळाल्या, रेखाच्या मांडणीवरचे पेले खाली आले, नि मी ते धूड त्याच बैलगाडीतून परत पाठवलं. गाडीवान अजून गेलाच नव्हता. त्याला अंदाज होता.

मग मी किसनकडे गेलो. खरं तर आधी त्याच्याकडेच जायला हवं होतं. का गेलो नाही? — थांबा, येतो त्याच्यावर.

किसन माझ्या वर्गातला. बेल्याच्या शाळेत एका पट्टीवर बसलेलो. त्याचे वडील सोनबाकाका आमच्या घरी सालगडी. माझ्या बाबांचे बैल त्यांनी सांभाळले, मला खांद्यावर बसवून पोळ्याला फिरवलं. त्यांचा चहाचा कप आमच्या पडवीच्या वळचणीला खोचलेला असायचा. कान तुटलेला, वेगळा. किसन सोबत आला की त्यालाही त्याच कपातून. आम्ही दोघं मिळून त्यांच्याच हाताखाली लहानाचे मोठे झालो, आणि तो कप तिथं का आहे हे मी कधी विचारलं नाही. कळत होतं म्हणूनच विचारलं नाही.

किसन रेडिओचं काम शिकला. इचोड्याच्या रस्त्यावर, ट्रकांच्या रांगेला लागून त्यानं टिनाचं दुकान टाकलं. हैदराबाद-नागपूर करणारे ड्रायव्हर त्याच्याकडे टेप उघडून घ्यायचे. इंजिनाच्या खडखडाटात आवाज कसा उठवायचा, कुठं तो फाटतो, हे त्याच्याइतकं कुणाला ठाऊक नव्हतं.

मी सगळं रामायण सांगितलं. त्यानं पोट धरून हसून घेतलं. मग म्हणाला, "मध्या, एक सांग. तुले वाजवाचं हाय, का गावाले आयकवाचं हाय?"

"वाजवाचं."

"मंग मोठा काऊन पायतं बे? खोल पाय."

दुकान बंद करून तो माझ्या घरी आला. अ‍ॅम्पचं नावही काढलं नाही. खोली पावलांनी मोजली. भिंतीला तळहात लावून मला पलीकडून थापट मारायला सांगितलं. बाजूला कोण राहतं, त्यांच्याकडं लहान मूल आहे का, मी किती वाजता वाजवणार, बसून की उभ्यानं — एखादा वैद्य विचारतो तसं. म्हणाला, ताकद थोडी पुरे, स्पीकर जरा रुंद, आणि खोकं चारी बाजूंनी बंद, जाड लाकडाचं. "लाकूड तू आन."

बेल्याला आमच्या गोठ्याचं जुनं सागवानी दार निघून भिंतीला टेकवून ठेवलेलं होतं. बाबांना म्हटलं, टेबल करायचंय. ते दार मी इचोड्याला आणलं. त्याच्या एका फळीवर बैलानं शिंग घासून घासून पाडलेले चर होते. मी म्हटलं, रंधा मार. किसन म्हणाला, "राहू दे. बैलाची सही हाय." ते दार रोज पहाटे सोनबाकाका उघडायचे. आम्ही दोघंही तसं काही बोललो नाही.

आता त्याची रीत सांगतो. ती मी दुसरीकडं कुठं पाहिली नाही. खोकं जोडलं की त्यावर तो मूठभर ज्वारी पसरायचा. मला सगळ्यात जाड तार छेडायला सांगायचा, आणि वाकून दाण्यांकडं बघायचा. जिथं दाणे उड्या मारतात तिथं फळी थरथरते, म्हणजे तिथं आवाज वाया जातोय. तिथं पेन्सिलीनं खूण, आतून एक लाकडी पट्टी, पुन्हा ज्वारी. "दाने निजले पायजेत, मध्या. मंग तार बोलते." आठ-दहा संध्याकाळी असं चाललं. शेवटी आमच्याच वावरातला कापूस, सरकी काढलेला, आतून भरला — घुमारा मऊ व्हावा म्हणून. मागे कानाच्या वायरीसाठी, म्हणजे हेडफोनसाठी, एक भोक ठेवलं: "वयनीले झोप लागू दे."

आणि मग एका संध्याकाळी मी जाड तार छेडली, आणि दाणे निजलेले राहिले. आवाज मोठा नव्हताच. तो जमिनीतून आला. पोटात गेला. रेखा पोळ्या लाटायची थांबली. मालकीणबाई दाराशी येऊन उभ्या राहिल्या, काही न विचारता. किसननं तळहात खोक्यावर ठेवला होता, जनावराच्या पाठीवर ठेवतात तसा.

त्याच संध्याकाळी तो म्हणाला, "ट्रकवाल्याईचे टेप किती दिवस उघडू? असे डब्बे बनवतो आता. मले काई देऊ नको तू. कोनी इचारलं त फक्त माहं नाव सांग."

त्याची तेवढी एकच मागणी होती. हे लक्षात ठेवा. मी ठेवलं नाही.

त्याच्या भंगाराच्या डब्यात एका मेलेल्या विलायती अ‍ॅम्पची चकचकीत पट्टी होती, त्यावर इंग्रजी अक्षरं कोरलेली. मला ती फार आवडली. हसत हसत त्यानंच दिली. "लाव. पोरीले टिकली लावल्यावानी दिसंन." सायकलच्या पंक्चरचं सोल्युशन लावून मी ती पुढच्या बाजूला चिकटवली. गंमत होती. खरंच तेव्हा गंमतच होती.

त्यानंतर वर्ष-दीड वर्षानं नांदेडचे एक ऑर्केस्ट्रावाले माझ्याकडे आले. त्यांना सगळे अण्णा म्हणायचे. रविवारची दुपार होती. योगायोगानं बाबाही बेल्याहून आले होते, खाटेवर बसलेले. इचोड्याला आमच्या घरी त्यांची पहिलीच खेप. आणि किसन आला होता, कारण कानाच्या वायरीचं भोक सैल झालं होतं. तो दाराजवळ स्टुलावर अ‍ॅम्प मांडीवर घेऊन बसलेला. रेखानं चहा केला होता. चार कप, एकसारखे.

तुम्हाला खरं सांगू? माझं सगळं लक्ष त्या कपांकडं होतं. बाबा किसनसोबत एकसारख्या कपातून चहा पितील का? उठून जातील का? रेखा अजून दारात होती, ट्रे घेऊन.

अण्णांनी वाजवून दाखवा म्हटलं. किसननं वायर जोडून दिली, मी वाजवलं. अण्णा खाटेवरून उठलेच. खोक्याभोवती फिरले, पट्टीवरून बोट फिरवलं.

"मास्तर, हे कुठलं हो? मला असे चार पाहिजेत. माझ्या पोरांना घरी सरावाला. आमच्याकडं आणखी दोन पार्ट्या घेतील. कुणाकडून आणलं?"

किसननं मान वर केली. माझ्याकडं पाहिलं. त्याच्या चेहऱ्यावर ते हसू यायला लागलं होतं — शाळेत बाई उत्तर विचारायच्या आणि त्याला येत असायचं, तेव्हाचं.

मी बाबांकडं पाहिलं. आणि म्हणालो, "मुंबईहून आलाय. बाहेरचा माल आहे."

झालं. एवढंच.

अण्णा म्हणाले, पत्ता द्या मुंबईचा. मी पत्ता कुठला देणार? आणि तेव्हा — हे मला सांगायला सगळ्यात जड जातंय — तेव्हा किसन बोलला. पेचकस खिशात घालत, अगदी सहज.

"पत्त्याचा काई फायदा नाई अन्ना. जहाजानं येत होता तो माल. आता बंद झाला म्हनते."

त्यानं मला वाचवलं. मी त्याचं नाव गिळलं, आणि ते घशात अडकलं तर त्यानं वरून पाण्याचा घोट दिला.

रेखानं ट्रे खाली ठेवला. बाबांनी कप उचलला, किसननं उचलला. बाबा फुर्र करून प्यायले, आणि म्हणाले, साखर थोडी कमी हाय. बस. ज्याच्या भीतीनं मी ते केलं, ते इतकंच होतं.

बरीच वर्षं मी स्वतःला सांगत आलो की विलायती म्हटलं की वजन पडतं, तेवढ्यासाठी बोललो. हौस. मग कधीतरी स्वतःला सांगितलं, नाही, बाबांच्या भीतीनं बोललो. आमच्या सालगड्याच्या पोरानं आमच्याच दाराचा हा डौल उभा केला हे त्यांना कसं वाटेल म्हणून. हे दुसरं जरा बरं वाटायचं. त्यात दोष बाबांच्या पिढीवर जातो, नाही का?

पण त्याच संध्याकाळी मी बाबांना बसस्टँडवर सोडायला गेलो होतो. ते पिशवी पायाशी ठेवून उभे होते. मग विचारलं,

"आपल्या गोठ्याचं दार मुंबईले कवा गेलं होतं रे?"

मी बस येते का ते बघायला लागलो.

"बैलाचं शिंग वळखू येत नाई का मले? सोनबाच्या पोरानं केला न तो?"

"हाव."

"मंग सांगाले काय झालं होतं?"

बस आली. ते चढले, खिडकीशी बसले, आणि माझ्याकडं न बघता धोतराचा सोगा सारखा करत राहिले. माझ्या बाबांना माझी लाज वाटलेली मी तेवढी एकदाच पाहिली.

तेव्हा ती भीती बाबांची नव्हती. मग कुणाची होती? वळचणीतला तो कप बाबांनी तिथं ठेवला असेल, पण त्या दुपारी तो माझ्याच घरातून निघाला. मी शिकलेला. शाळेत पोरांना समतेचा धडा घोकून घेणारा. आणि हा माणूस माझ्यापेक्षा हुशार आहे, हे चार लोकांसमोर, माझ्या तोंडानं, माझ्या घरात म्हणायची वेळ आली, तर मला म्हणवलं नाही. अ‍ॅम्पसाठी आधी त्याच्याकडे गेलो नव्हतो, तेही त्याचमुळे.

दुसऱ्या दिवशी दुकानावर जाऊन सांगायचं, असं ठरवलं होतं. गेलोही. तो एका ट्रकच्या केबिनीत डोकं घालून बसला होता. बाहेर आला, म्हणाला, "या मास्तर." तोपर्यंत चारचौघांत मास्तर आणि एकटा असलो की मध्या, असं होतं. त्या दिवशी आम्ही दोघंच होतो. मी विचारलं, काय चाललंय. तो म्हणाला, चाललंय. मी आलो परत.

दुकानाच्या मागे त्यानं सागाच्या थोड्या फळ्या आणून ठेवल्या होत्या, पुढच्या डब्यांसाठी. पावसाळ्यानंतर पाहिलं, त्यांचा बाक झाला होता. ड्रायव्हर त्यावर बसून चहा पीत होते. दुसरा अ‍ॅम्प त्यानं कधी बनवला नाही. अण्णांनी त्यांच्या पोरांसाठी हैदराबादहून काहीतरी आणलं. भेटले की म्हणायचे, तुमच्या मुंबईच्या मालाची सर नाही. आणि मी? मी मान डोलवायचो. एवढंच नाही, पुढं पुढं माझा अ‍ॅम्प जर्मनीचा झाला. मग एका लग्नात, लाडू खाता खाता, तो जर्मन जहाजावरच्या वादकाचा झाला. मला रंगवून सांगायची सवय, लोकांना ऐकायची. किसन त्या पंगतीत होता का? असेलही. मी बघितलं नाही. न बघण्यातही मी आता तरबेज झालो होतो.

किसन यायचा, मात्र. त्यात खंड नाही. फ्यूज गेला, वायर तुटली, निरोप धाडला की यायचा. रेखाच्या हातचा चहा प्यायचा, पोरांना तळहातावर ज्वारी नाचवून दाखवायचा. फक्त मास्तर म्हणायचा.

नव्वदचं दशक संपता संपता एका उन्हाळ्यात अ‍ॅम्प पार मुका झाला. मी तो पोत्यात गुंडाळून मोटरसायकलवर त्याच्या दुकानात ठेवून आलो. पट्टी तेव्हा एका बाजूनं सुटून लोंबत होती. पंक्चरचं सोल्युशन किती वर्षं टिकणार? मनात आलं, बरं झालं, पडेल आपोआप. तो काढून फेकेल, मला काही करावं लागणार नाही. माझं सगळं असंच, बघा.

चार दिवसांनी आणायला गेलो. त्यानं कापडानं अ‍ॅम्प पुसला, बैलाच्या शिंगाच्या चरांतली धूळ ब्रशनं काढली, आणि माझ्याकडं वळवला. पट्टी जागेवर होती. सरळ, चकचकीत. चार कोपऱ्यांना चार बारके पितळी स्क्रू, अगदी बेतानं बसवलेले, लाकूड जराही न चिरता.

म्हणाला, "निघून राह्यली होती, मास्तर. पक्की केली."

त्याच्या आवाजात टोमणा नव्हता. मी शोधला. असता तर मला घर गाठणं सोपं गेलं असतं.

किसन आहे अजून, इचोड्यालाच. दुकान त्याच्या पोराकडं आहे, तो बाकावर बसलेला असतो, त्याच सागाच्या. मी दिसलो की हात वर करतो. अ‍ॅम्प माझ्या खोलीत आहे, सकाळी अर्धा तास वाजवतो. सूर अजून जमिनीतूनच येतो. वाजवताना माझं तोंड पट्टीकडंच असतं, कारण स्टूल तिथंच बसतं.

चार स्क्रू आहेत. दोन मिनिटांचं काम. पेचकस माझ्या टेबलाच्या खणात पहिल्यापासून आहे.